बोधिसत्त्वाचा कोणता हात?

१५ ऑगस्ट १९४९ रोजी स्वतंत्र भारताने रोजच्या टपालासाठी १६ तिकिटांची नवी मालिका काढली. इंग्रज राजाचा चेहरा गेला आणि त्याच्या जागी देशातल्या वास्तू आणि शिल्पं आली: अजिंठ्याचा हत्ती, कोणार्कचा घोडा, घारापुरीची त्रिमूर्ती, सांचीचं तोरण, विजापूरचा गोलघुमट, चितोडचा विजयस्तंभ, ताजमहाल, कुतुबमिनार. ही तिकिटं छापली नाशिकरोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसने. त्यातल्या एक आण्याच्या तिकिटावर बोधिसत्त्वाची मूर्ती होती आणि ती आरशात दिसावी तशी उलटी छापली गेली. मूर्तीचा पुढे आलेला उजवा हात तिकिटावर डावा झाला. चूक ध्यानात आल्यावर १५ जुलै १९५० रोजी तेच तिकीट सरळ चित्र घेऊन पुन्हा काढण्यात आलं. तिकीट-संग्राहकांच्या सूचीत आजही ही दोन तिकिटं वेगवेगळी नोंदवलेली असतात. छपाईच्या कामात चित्र उलटं पडणं अगदी सहज होतं. निगेटिव्ह दुसऱ्या बाजूने ठेवली की काम झालं. अवघड असतं ते उलटेपण ओळखणं. ते ओळखायला डोळे तीक्ष्ण असून भागत नाही, मूर्ती ठाऊक असावी लागते. दान देणारा, अभय देणारा, भूमीला स्पर्श करणारा हात परंपरेने उजवा असतो, हे ज्याला माहीत आहे त्यालाच चित्रात काहीतरी खटकतं. ज्याला माहीत नाही त्याला दोन्ही चित्रं सारखीच सुंदर दिसतात.

ग्राफिक डिझाइन शिकणाऱ्या विद्यार्थ्याला वास्तुकला आणि कलाकार यांच्यावर प्रकल्प करायला सांगतात, तेव्हा खरी परीक्षा हीच असते. पोस्टर असो, पुस्तकाचं मुखपृष्ठ असो, एखाद्या महोत्सवाची ओळखचिन्हं असोत; कामाची सुरुवात बहुधा चित्रं गोळा करण्यापासून होते. पिंटरेस्टवरून चाळीस-पन्नास चित्रं उतरवली, मूडबोर्ड लावला, त्यातून दोन रंग आणि एक नक्षी उचलली की संशोधन झालं असं मानलं जातं. या प्रकरणाचं म्हणणं असं, की हे संशोधन नव्हे, ही जमवाजमव आहे. वास्तू कशी दिसते याच्या आधी ती तशी का आहे, ती कुणी घडवली आणि कुणाच्या पैशाने, हे विचारलं तरच डिझाइनरच्या हाती वापरण्यासारखं काही येतं. बोधिसत्त्वाच्या तिकिटासारखी चूक नाशिककराला समजवायला फार लांब जावं लागत नाही. लेआउटमध्ये डाव्या बाजूला मोकळी जागा हवी म्हणून गणपतीचं चित्र संगणकावर फिरवलं, तर डाव्या सोंडेचा गणपती उजव्या सोंडेचा होतो, आणि उजव्या सोंडेच्या गणपतीचं सोवळंओवळं किती कडक असतं हे घरोघरी माहीत आहे. संगणकाच्या दृष्टीने ती एक आज्ञा असते, बघणाऱ्याच्या दृष्टीने देवच बदलतो.

नाशिकचा गंगापूर रोड हा असा प्रकल्प करायला महाराष्ट्रातल्या उत्तम रस्त्यांपैकी एक आहे, हे तिथे रोज ये-जा करणाऱ्या विद्यार्थ्यांनाही चटकन पटत नाही. अशोकस्तंभापासून निघालेला हा रस्ता मराठा विद्या प्रसारक समाजाच्या शिक्षणसंस्थांवरून जातो. १९१४ साली स्थापन झालेल्या या संस्थेचं वास्तुकला महाविद्यालयही उदोजी मराठा बोर्डिंगच्या आवारात, याच रस्त्यावर आहे. पुढे कुसुमाग्रज स्मारक, जेहान सर्कल, मग राघोबादादा आणि आनंदीबाई यांच्या वास्तव्याची आठवण नावातच ठेवणारी आनंदवल्ली, नदीकाठचा नवश्या गणपती, सोमेश्वर, आणि माधवराव पेशव्यांच्या आई गोपिकाबाई उतारवयात जिथे राहिल्या ते गंगापूर. त्याच्याही पुढे मातीचं गंगापूर धरण, आणि गोवर्धन. या गोवर्धनाचं नाव दोन हजार वर्षांपूर्वीच्या शिलालेखांत आहे. त्याच्याकडे पुढे येऊ. सध्या एवढंच नोंदवू, की या रस्त्यावरच्या विद्यार्थ्याला प्रेरणेसाठी बार्सिलोनाचा गौदी किंवा जर्मनीतलं बाउहाउस शोधत जाण्याची गरज नाही. गौदी आणि बाउहाउस अभ्यासू नयेत असं अजिबात नाही. पण तिथे फक्त छायाचित्रांवर विसंबावं लागतं. इथे बसने किंवा दुचाकीने जाऊन दगडाला टेप लावता येते, आणि हा फरक फार मोठा आहे.

शहराच्या दक्षिणेला, मुंबई-आग्रा रस्त्यालगतच्या डोंगरात पांडवलेणी आहेत; एकूण २४ लेणी, बहुतेक सातवाहन आणि क्षत्रप काळातली. विद्यार्थ्यांच्या कामात या लेण्यांतून सर्वांत जास्त उचलली जाते ती दर्शनी भागावरची आडव्या-उभ्या पट्ट्यांची नक्षी. किनार म्हणून ती फार सोयीची आहे. एक चौकोन काढा आणि पुनरावृत्ती करा. पण जवळ जाऊन पाहिलं की ही नक्षी नक्षी राहत नाही. उभे खांब आहेत आणि त्यांच्यामधून आरपार गेल्यासारख्या आडव्या पट्ट्या आहेत. या पट्ट्या सपाट नाहीत. मध्ये फुगीर आणि कडांना निमुळत्या, छेद घेतला तर भिंगाच्या आकाराच्या. सगळ्यांवर एक जाड, माथ्याला गोलाई असलेली तुळई आहे. स्थापत्यशास्त्रात खांबाला स्तंभ, आडव्या पट्टीला सूची आणि वरच्या तुळईला उष्णीष म्हणतात, आणि या साऱ्याला वेदिका. हे मुळात लाकडी कुंपण आहे. खांबाला खाचा पाडून त्यांत फळ्या सरकवायच्या, फळी खाचेत घट्ट बसावी म्हणून तिच्या कडा तासायच्या, ही सुताराची पद्धत. दगड कोरणाऱ्याला यातलं काहीच करण्याची गरज नव्हती. त्याच्या हाती अखंड डोंगर होता. तरीही त्याने लाकडाचा जोड दगडात जसाच्या तसा कोरला. अठराव्या लेण्याच्या, म्हणजे इथल्या चैत्यगृहाच्या दर्शनी कमानीतही लाकडी वाशांची टोकं दगडात दाखवली आहेत.

आता हे कळल्यानंतर ती किनार काढणारा विद्यार्थी वेगळं काय करेल? पहिली गोष्ट, तो सूचीची जाडी आणि दोन सूचींमधली फट मन मानेल तशी ठेवणार नाही, कारण त्या प्रमाणामागे खाचेची गरज आहे. दुसरी, वेदिका हे कुंपण आहे, पवित्र जागेची हद्द आहे, हे माहीत असल्याने तो ती मजकुराच्या मधोमध शोभा म्हणून टाकणार नाही. जिथे आत आणि बाहेर असा भेद दाखवायचा आहे तिथे वापरेल. तिसरी आणि माझ्या मते सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे त्याला एक कल्पना मिळेल: एका माध्यमाची सवय दुसऱ्या माध्यमात कशी उतरते. लाकूड दगडात उतरलं, दगड कागदावर कसा उतरेल, पडद्यावर कसा उतरेल, हा प्रश्न त्याच्या प्रकल्पाचा कणा होऊ शकतो. केवळ छायाचित्र पाहून हा प्रश्न सुचत नाही.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो, आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. डिझाइनर इतिहासकार नव्हे. त्याला आकार मोकळेपणाने घेता आला पाहिजे, वाकवता-मोडता आला पाहिजे. इतकं कारण-कारण केलं तर कल्पनाशक्तीचं काय, असं विचारतात. याचं उत्तर त्याच डोंगरात आहे. दहावं लेणं क्षत्रप नहपानाच्या कुटुंबाचं. त्याचा जावई उषवदात याने ते खोदवलं. तिसरं लेणं गौतमीपुत्र सातकर्णीची आई गौतमी बलश्री हिने दान दिलेलं. गौतमीपुत्राने नहपानाचा पराभव केला होता. जोगळटेंभी इथे १९०६ साली सापडलेल्या तेरा हजारांहून अधिक चांदीच्या नाण्यांत नहपानाची हजारो नाणी अशी आहेत, की ज्यांच्यावर गौतमीपुत्राने स्वतःचा छाप पुन्हा मारला. म्हणजे वैर किती कडवं होतं ते उघड आहे. तरी तिसऱ्या लेण्याच्या कारागिरांनी प्रतिस्पर्ध्याचं लेणं बारकाईने अभ्यासलं असलं पाहिजे, कारण आराखडा जवळजवळ तोच आहे: सहा खांबांचा वऱ्हांडा, मागे मोठं दालन, भोवती भिक्षूंच्या खोल्या, दहाव्यात १६, तिसऱ्यात १८. पण दहाव्यातल्या खांबांची भरीव, घंटेसारखी शीर्षं तिसऱ्यात आकार बदलतात, आणि वऱ्हांड्याखाली सहा धिप्पाड पुरुष येतात. जणू सारं लेणं त्यांनी खांद्यावर उचललंय अशा थाटात ते तुळया पेलून उभे आहेत. ही नवी कल्पना आहे, आणि ती जुनं नीट समजून घेतल्यावरच आली. वऱ्हांड्याचा भार कुठे येतो हे कळल्याशिवाय तो भार माणसांच्या खांद्यावर देण्याची कल्पना सुचणार नाही.

नाशिकच्या मातीतलंच दुसरं उदाहरण दादासाहेब फाळके यांचं. १८७० साली त्र्यंबकेश्वरला जन्मलेले फाळके जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले, बडोद्याच्या कलाभवनात शिकले, १९०३ साली पुरातत्त्व खात्यात छायाचित्रकार आणि आरेखक म्हणून लागले. तिथून ते छपाईकडे वळले, शिळाछापाच्या कामात मुरले, आणि १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ घेऊन आले. आरेखकाचं काम म्हणजे काय याचा विचार करावा: समोरच्या वास्तूचं माप घेऊन ती कागदावर अशी उतरवायची की न पाहिलेल्या माणसालाही ती बांधता यावी. ज्याने हे काम केलं, त्याच माणसाने पुढे नसलेल्या राजवाड्यांची आणि अरण्यांची दुनिया पडद्यावर उभी केली. मोजमापाने कल्पनाशक्ती आटते असं म्हणणाऱ्यांनी हा क्रम ध्यानात घ्यावा. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी फाळके स्मारक आहे, ही जागेची जुळणी विद्यार्थ्याने नजरेआड करू नये.

दुसरा आक्षेप सोयीचा आहे: सगळं नेटवर असताना प्रत्यक्ष जायचं कशाला? नेटवर फार मोलाचं काही आहे हे आधी मान्य केलं पाहिजे. १८८३ सालचं नाशिक जिल्ह्याचं गॅझेटियर, ज्यात पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी लेण्यांच्या शिलालेखांवर केलेलं काम आहे. फर्ग्युसन आणि बर्जेस यांचा लेण्यांवरचा १८८० सालचा ग्रंथ. हेन्री कझिन्स यांचा दख्खनच्या मध्ययुगीन मंदिरांवरचा १९३१ सालचा ग्रंथ, ज्यात सिन्नरच्या गोंदेश्वराचे आराखडे आहेत. हे सारं आज घरबसल्या पाहता येतं. अडचण अशी, की विद्यार्थी नेटवर जातो ते या ग्रंथांकडे नव्हे, तर छायाचित्रांकडे. छायाचित्रं बहुतेक एकाच जागी उभं राहून काढलेली असतात. गोंदेश्वराचं समोरून काढलेलं छायाचित्र एक देखणं शिखर दाखवतं. कझिन्सचा आराखडा पाहिला तर कळतं की हे एक मंदिर नाही, एका जोत्यावरची पाच मंदिरं आहेत. मध्ये शिव आणि चार कोपऱ्यांत विष्णू, गणेश, पार्वती, सूर्य. शिखराकडे नीट पाहिलं की उभ्या पट्ट्यांमध्ये छोट्या शिखरांच्या रांगा एकावर एक चढत गेलेल्या दिसतात. मोठं शिखर लहान शिखरांचं बनलेलं आहे. ओळखचिन्हांच्या एका संपूर्ण कुटुंबाची रचना या एका तत्त्वावर उभी राहू शकते: मध्यवर्ती चिन्ह, चार उपचिन्हं, आणि प्रत्येकात त्याच आकाराची लहान आवृत्ती. हे छायाचित्रातून मिळालं नाही, आराखड्यातून मिळालं.

आणि आराखडाही हाताने काढून पाहिल्याशिवाय पुरता कळत नाही. १८७२ ते १८८५ या काळात जॉन ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखाली जे. जे.च्या विद्यार्थ्यांनी अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला केल्या. त्याआधी रॉबर्ट गिल यांनी वर्षानुवर्षं खपून केलेल्या नकला १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत गेल्या होत्या. ग्रिफिथ्सच्या विद्यार्थ्यांच्याही बऱ्याच नकला लंडनमध्येच, १८८५ च्या आगीत जळाल्या. मुंबईच्या या विद्यार्थ्यांनी केलेलं काम भारतातल्या सर्वांत मोठ्या विद्यार्थी-प्रकल्पांपैकी एक मानलं पाहिजे. कागद जळाले, पण लेण्यातल्या अंधुक उजेडात एकेका रेषेचा मागोवा घेत काढताना जी नजर तयार झाली ती त्या पिढीच्या कामात उतरली. स्केचबुकातलं रेखाटन ही संशोधनाची सजावट नव्हे, तेच संशोधन आहे. हात चालतो तिथे डोळ्याला थांबावं लागतं, आणि थांबलं की प्रश्न पडतात.

कलाकारांच्या बाबतीत प्रश्न अधिक नाजूक होतो. आपल्याकडे वास्तू घडवणाऱ्यांची नावं सापडत नाहीत, मग शोधायची कशाला, असा समज आहे. तो अर्धाच खरा आहे. लेण्यांत दात्यांची नावं भरपूर आहेत आणि कारागिरांची विरळा, हे खरंच. पण विरळा म्हणजे नाहीतच असं नव्हे. कन्नडजवळच्या पितळखोरे लेण्यांत सापडलेल्या यक्षमूर्तीच्या हातावर ती कण्हदास नावाच्या सोनाराने घडवली असं कोरलेलं आहे. ही मूर्ती आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहात धेनुकाकटच्या सामि नावाच्या सुताराचं नाव आहे. सोनाराने दगड घडवला, सुताराने लेण्याचं दार केलं. वेदिकेतलं लाकूड दगडात कसं आलं याचा धागाच या नावांत हाती लागतो. नाव शोधणं म्हणजे केवळ आदर दाखवणं नाही, त्यातून आकाराचं कारण कळतं. याउलट चुकीचं नाव आकार झाकून टाकतं. महाराष्ट्रातल्या कुठल्याही जुन्या दगडी देवळाला सरसकट हेमाडपंती म्हटलं जातं. हेमाद्री हा तेराव्या शतकातला यादवांचा मंत्री. गोंदेश्वर त्याच्या आधीचं मानलं जातं. पोस्टरवर ‘हेमाडपंती मंदिर’ असं लिहिलं की ज्या अनाम शिल्पींनी ते शिखर रचलं त्यांचं श्रेय एका मंत्र्याकडे जातं. नाव माहीत नसेल तर काळ लिहावा, आश्रय कुणाचा ते लिहावं, दगड कोणता ते लिहावं. ‘शिल्पी अज्ञात’ हीसुद्धा प्रामाणिक आणि उपयोगी नोंद आहे.

जिथे कलाकार माहीत आहेत तिथे तर काणाडोळा करायला जागाच उरत नाही. वारली चित्र हा विद्यार्थ्यांच्या कामातला नेहमीचा पाहुणा आहे. त्रिकोणी धडांची माणसं आणि तारप्याभोवतीचा फेर कुठल्याही विषयावर चिकटवला जातो. डहाणूपासून नाशिकच्या पेठ-सुरगाण्यापर्यंत वारली समाज आहे, म्हणजे ही कला गंगापूर रोडच्या विद्यार्थ्याच्या शेजारची आहे. तिचं मूळ लग्नातल्या चौकात आहे: गेरू किंवा शेणामातीच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने सुवासिनींनी काढलेला चौकोन, मध्ये पालघट देवी, आणि लग्न लावणाऱ्या धवलेरीचं गाणं. १९७० च्या दशकात चित्रकार भास्कर कुलकर्णी यांच्यामुळे ही चित्रं कागदावर आली आणि गंजाडचे जिव्या सोमा मशे जगभर पोहोचले. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये ते गेले. चौकातला चौकोन रिकामी चौकट नाही, देवीचं घर आहे, हे समजल्यावर त्यात मोबाइल कंपनीचं बोधचिन्ह बसवायचं की नाही याचा निर्णय विद्यार्थ्याने स्वतः घ्यावा. मात्र तो समजून घेतलेला निर्णय असावा. इथे कायदाही लक्षात ठेवायला हवा. भारतात चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं त्याच्या चित्रांवर स्वामित्वहक्क राहतो. राजा रविवर्मा १९०६ मध्ये गेले, त्यांचं चित्र वापरायला मोकळीक आहे. मशे यांचं चित्र, किंवा नाशिकच्या शिवाजी तुपे यांनी जलरंगात रंगवलेला गोदाघाट, तसाच उचलता येत नाही. वास्तूचं मात्र चित्र काढायला किंवा छायाचित्र घ्यायला हा कायदा आडवा येत नाही. नदीकाठ स्वतः जाऊन रंगवावा, तुपे यांच्याकडून पाणी आणि दगड यांच्यातल्या कडा कशा सोडायच्या ते शिकावं, आणि श्रेयओळीत त्यांचं नाव लिहावं.

वास्तूचं कारण केवळ बांधणाऱ्यांकडे संपत नाही, हेही सांगायला हवं. पंचवटीचं काळाराम मंदिर अठराव्या शतकाच्या अखेरीस सरदार ओढेकरांनी काळ्या दगडात बांधून घेतलं. त्याच्या तटाला दरवाजे आहेत. पर्यटनाच्या पोस्टरवर शिखर येतं, दरवाजे येत नाहीत. पण २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला तो या दरवाजांवर. १२५ पुरुष आणि २५ स्त्रियांची पहिली तुकडी बंद दारांपुढे बसली, आणि लढा पुढे काही वर्षं चालला. या मंदिरावर काम करणाऱ्या विद्यार्थ्याने १९३० साल वगळलं तर त्याने वास्तूचा एक भाग वगळला, असं मी म्हणेन. काही जण म्हणतील, शोभेच्या कामात इतिहासाचा वाद कशाला आणायचा. पण शिखर दाखवणं आणि दार लपवणं हासुद्धा एक पक्षच आहे, फक्त न बोलता घेतलेला. दार हा डिझाइनच्या दृष्टीनेही शिखरापेक्षा समर्थ आकार आहे: उभा आयत, दोन फळ्या, मध्ये फट. मुखपृष्ठाचं पान उघडतं तेही दारासारखंच.

शेवटचा आक्षेप वेळेचा. सबमिशनला तीन आठवडे असतात, त्यात दुसरे विषय, त्यात छपाईचा खर्च. हा आक्षेप पूर्णपणे खरा आहे, आणि त्यावर उपाय एकच: विषय लहान करावा. ‘नाशिकची वास्तुकला’ हा तीन आठवड्यांचा विषय नाही, तीन आयुष्यांचा आहे. एक वेदिका, एक दार, एक शिलालेख एवढा विषय तीन आठवड्यांत पुरता हाती येतो. लहान विषयात खोल जाता येतं आणि ज्युरीपुढे बोलायला स्वतःचं काही असतं. शिवाय लहान विषय म्हणजे कमी ऐवज असं नसतं. अठराव्या लेण्याच्या दारावरच्या ब्राह्मी ओळीत धंभिक गावाच्या दानाची नोंद आहे आणि त्यात नाशिकच्या लोकांचा उल्लेख आहे. शहराचं नाव दोन हजार वर्षांपूर्वीच्या अक्षरांत समोर आहे. नाशिकसाठी अक्षरचिन्ह करायला बसलेल्या विद्यार्थ्याने ही ओळ आधी डोळ्यांनी आणि मग पेन्सिलीने गिरवावी, अर्थात वहीत. संरक्षित स्मारकाच्या दगडावर कागद ठेवून ठसा घेण्याचं काम परवानगीशिवाय करायचं नसतं.

गोवर्धनाचंही तसंच. दहाव्या लेण्यातल्या उषवदाताच्या लेखात एक ठेव नोंदली आहे. गोवर्धनात राहणाऱ्या विणकरांच्या एका श्रेणीकडे, म्हणजे संघाकडे, २००० कार्षापण ठेवले, दरमहा शेकडा १ व्याजाने. दुसऱ्या श्रेणीकडे १०००, दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत घ्यायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. पहिल्या ठेवीच्या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या २० भिक्षूंना चीवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी, प्रत्येकी १२ कार्षापण द्यायचे. हिशेब करून पाहावा: २००० वर महिन्याला २०, वर्षाला २४०; आणि २० भिक्षूंचे बारा-बारा म्हणजे २४०. एक कवडीही इकडेतिकडे नाही. दुसऱ्या ठेवीचे वर्षाला ९० होतात. गंगापूर रोडच्या टोकाशी असलेल्या गावातल्या विणकरांचा हा हिशेब, आणि तो डोंगरात कोरलेला. एका पोस्टरमध्ये हा सारा व्यवहार आकृतीने दाखवता येईल: किती माग, किती महिने, किती चीवरं, रंग मातीचा की सुताचा, अंक ब्राह्मीत की देवनागरीत, वाचक कोण, तो लेण्यापुढे उभा आहे की बसथांब्यावर. लेखात असंही म्हटलं आहे की ही ठेव निगमसभेत वाचून जाहीर केली गेली आणि रिवाजाप्रमाणे फलकावर नोंदवली गेली. तो फलक कसा असेल, किती रुंद, ओळी किती, आकडे शब्दांच्या ओळीतच की वेगळे, हे ठरवण्यासाठी दहाव्या लेण्यातल्या लेखाच्या ओळींची लांबी आणि अक्षरांची उंची मोजून घ्यावी लागेल. अक्षरं दाराच्या वर आणि वऱ्हांड्याच्या भिंतीवर आहेत, आणि सकाळी तिरपा उजेड असताना ती सर्वांत स्पष्ट दिसतात.